जॉन म्यूर ट्रेल उन्हाळ्यात: दिवसभराचं गणित (शिधा, पाणी, डास, खिंडी)

कातळकडा

जॉन म्यूर ट्रेलच्या (जेएमटी) चौकश्या दर हिवाळ्यात इथे येतात आणि सॅक कुठली, बूट कुठले यावर येऊन थांबतात. त्यासाठी जुने धागे आहेत. इथे फक्त रोजच्या दिवसाबद्दल लिहू या: उठायचं किती वाजता, खायचं काय, पाणी कुठे भरायचं, खिंड कधी ओलांडायची, अंघोळ आणि संडासाचं काय.

नवख्यांसाठी थोडक्यात: ही कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा पर्वतातली पायवाट, योसेमिटी खोऱ्यातल्या हॅपी आयल्सपासून माउंट व्हिटनीच्या (१४,५०५ फूट) माथ्यापर्यंत २११ मैल, म्हणजे ३४० किमी. माथ्यावरून व्हिटनी पोर्टलच्या गाडीरस्त्याला उतरायला आणखी सुमारे ११ मैल. यातला १६० मैलांच्या आसपासचा भाग पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलशी (पीसीटी, मेक्सिको ते कॅनडा सीमेपर्यंतची लांब वाट) सामाईक आहे, त्यामुळे पीसीटीच्या सिएरातल्या टप्प्यालाही हेच लागू. बहुतेक लोक १८ ते २२ दिवस घेतात. योसेमिटीतून निघायचं तर परमिटची सोडत २४ आठवडे आधी ऑनलाइन असते. सलग चालणार असाल तर त्याच परमिटवर व्हिटनीवरून बाहेर पडता येतं. मी उत्तरेकडून दक्षिणेकडे जाण्याचा क्रम धरला आहे. सुरुवातीला खांद्याला आणि फुफ्फुसाला सवय होते, उंच खिंडी नंतर येतात.

हंगाम म्हणजे मध्य-जुलै ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. जुलैत डास आणि उरलेला बर्फ. ऑगस्टच्या उत्तरार्धात डास कमी, पण लहान ओढे आटलेले आणि वणवा असेल त्या वर्षी खोऱ्यात धूर साचलेला.

दिवस कसा आखायचा हे दोन गोष्टी ठरवतात, दुपारचं आभाळ आणि अस्वलडबा (अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा डबा). डब्याबद्दल खाली कुणी तरी लिहीलच, मी आभाळाचं लिहितो. जुलै-ऑगस्टमध्ये दक्षिणेकडून दमट हवा आली की सकाळचं निळंभोर आकाश अकरापर्यंत ढगाळतं आणि एक ते चारच्या दरम्यान गडगडाट, गारा, कधी तासाभराचा पाऊस. रोज होत नाही, पण सलग चार-पाच दिवस झालं तर नवल नाही. त्यामुळे खिंड दुपारच्या आत मागे टाकायची. दक्षिणेच्या निम्म्या भागात जवळजवळ दिवसाला एक खिंड आहे: म्यूर ११,९५५ फूट, मॅथर आणि पिन्शो १२,१०० च्या आसपास, ग्लेन १२,००० ला जरा कमी, आणि फॉरेस्टर १३,१५३. फॉरेस्टर हा पीसीटीचाही सर्वांत उंच बिंदू.

हिशेब असा मांडा. सॅक १५ किलोच्या आसपास असेल तर सपाटीवर आणि उतारावर तासाला तीन किमी, आणि चढाच्या दर हजार फुटांना वेगळा एक तास. म्हणजे खिंडीच्या पायथ्याचा मुक्काम २,००० फूट खाली आणि पाच किमी अलीकडे असेल तर पावणेचार तास. साडेसहाला निघालात तर सव्वादहा. हा मुक्काम शक्यतो शेवटच्या झाडीत ठेवा, अगदी वरच्या तळ्याकाठी नको. वर वारा जास्त, थंडी जास्त आणि तंबूच्या आतून दव टपकतं. मोठ्या हिरवळीच्या तळाशीही तेच, कारण रात्री गार हवा खाली येऊन तिथे साठते. कुरणापेक्षा ३०-४० फूट उंच, झाडाखालची, आधी वापरलेली मोकळी माती ही उत्तम जागा. पाण्यापासून १०० फूट तरी लांब.

जुलैत पावणेसहाला सूर्योदय आणि आठनंतर सूर्यास्त, म्हणजे उजेड भरपूर. पाच-सव्वापाचला उठून काहीही शिजवत न बसता निघायचं, खिंडीपलीकडे उतरून पाण्याजवळ मोठी विश्रांती आणि मुख्य जेवण, मग उन्हं कलताना आणखी चार-पाच किमी. संध्याकाळी सहापर्यंत तंबू लागला पाहिजे. दिवसाला १६ ते १९ किमी याच वेळात बसतात.

गडगडाट वरच गाठला तर: आधी उतरा, मग विचार करा. कडा, एकटं झाड, उथळ कपार आणि पाणी टाळा. खाली दाट, एकसारख्या उंचीच्या झाडीत थांबा. गट असेल तर एकमेकांपासून किमान १५ मीटर अंतर. म्यूर खिंडीत १९३० साली सिएरा क्लबने बांधलेली दगडी झोपडी आहे, गारांपासून वाचवते, विजेपासून वाचवेल असं धरू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं चढायला सुरुवात करू नये.

टकमक_टोक

वाचनखूण साठवली. पुण्याहून येणाऱ्यांच्या दृष्टीने दोन प्रश्न. एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीत माणशी चार-पाच लिटर पाणी घेऊन निघतो आणि गडावरच्या टाक्यात मिळालं तर मिळालं. इथे किती घ्यायचं? आणि पूर्ण शाकाहारी, त्यातही अंडं नाही, अशा माणसाचं तीन आठवडे भागतं का?

कातळकडा

@टकमक_टोक, चार लिटर पाणी पाठीवर म्हणजे चार किलो फुकटचं ओझं. जेएमटीवर बहुतेक ठिकाणी तीन ते सहा किमीत वाहता ओढा किंवा तळं मिळतं. एक लिटरच्या दोन बाटल्या ठेवा आणि चालताना एकच भरलेली असू द्या. पाण्यावर पोचलात की तिथेच पोटभर प्या, मग एक भरून निघा. अपवाद व्हिटनीचा. गिटार लेकनंतर माथ्यापर्यंत आणि पलीकडे बरंच उतरेपर्यंत भरवशाचं पाणी नाही, तिथे तीन लिटर.

गाळायलाच हवं, कितीही नितळ दिसलं तरी. भीती जिआर्डियाची, म्हणजे जुलाब लावणाऱ्या परजीवीची. ०.१ मायक्रॉनची पोकळ धाग्यांची गाळणी (सॉयर स्क्वीझ वगैरे) पुरते. विषाणू ती अडवत नाही, पण सिएरात वर वस्ती नसल्याने तो धोका नगण्य धरतात. हीच गाळणी घेऊन आपल्याकडे गावाखालच्या ओढ्याचं पाणी प्यायला जाऊ नका.

गाळणीचं काय बिघडतं:
- गोठते. एकदा ओली झालेली गाळणी गोठली की आतले धागे फाटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही, पाणी उलट जोरात येतं. ऑगस्टमध्येही १०,००० फुटांवर पहाटे शून्याजवळ जातं. रात्री पिशवीत बांधून स्लीपिंग बॅगमध्ये.
- तुंबते. हिमनदीखालच्या तळ्याचं पांढुरकं पाणी किंवा गाळाचा ओढा असेल तर आधी भांड्यात तासभर निवळू द्या. दर दोन-तीन दिवसांनी स्वच्छ पाणी उलट्या दिशेने जोरात ढकला.
- सोबतची पिशवी शिवणीवर फुटते. त्याऐवजी रुंद तोंडाची दोन लिटरची घडीची पिशवी घ्या, मात्र आटे २८ मिमीचे असलेली. साध्या पाण्याच्या बाटलीचेही तेच आटे असतात, म्हणून गाळणी थेट बाटलीवर बसते.

जोडीला क्लोरीन डायऑक्साइडचे थेंब किंवा गोळ्या, ३० ग्रॅमचं काम आहे. गाळणी गोठली असा नुसता संशय आला तरी पुढे त्यांच्यावर चालवा.

शिधा_शिल्लक

शाकाहाराचं मी घेतो, हा माझा प्रांत.

आधी नियम. संपूर्ण वाटेवर कडक अस्वलडबा बाळगणं हाच शहाणपणा, आणि बऱ्याच भागात तो सक्तीचाच आहे. खाणं झाडाला टांगून चालत नाही. इथली अस्वलं काळी, माणसावर क्वचित जातात, पण दोरी सोडवण्यात पटाईत. अस्वलाच्या तोंडावर मारायचा मिरचीचा फवारा योसेमिटीत बाळगायलाच बंदी आहे, विमानातही चालत नाही, तेव्हा त्यावर पैसे घालू नका. सर्वांत चालणारा डबा ७०० घन इंचांचा, म्हणजे साडेअकरा लिटर, वजन ११६० ग्रॅम. रात्री त्यात फक्त खाणं नव्हे तर वास येणारं सगळं: टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओठांचा मलम, रिकामी पाकिटं, कचरा. त्याला एक लिटर धरा. उरले साडेदहा.

दिवसाचा शिधा माझ्या हिशेबाने असा: सकाळी ९० ग्रॅम ओट्स किंवा पोहे आणि ३० ग्रॅम पूर्ण मलईची दूध पावडर. दिवसभर चघळायला ३०० ग्रॅम (शेंगदाणे, बदाम, खजूर, चिक्की, चॉकलेट). दुपारी दोन टॉर्टिया, १०० ग्रॅम, सोबत ५० ग्रॅम शेंगदाण्याची नाही तर कारळ्याची चटणी. रात्री १५० ग्रॅम वाळवलेलं जेवण, वर १५ ग्रॅम तूप. बेरीज ७३५ ग्रॅम, कॅलरी ३,००० ते ३,२००. पहिल्या आठवड्यात हे संपत नाही, उंचीवर भूक मरते. दहाव्या दिवसानंतर हेच कमी पडतं. म्हणून पहिल्या टप्प्यात दिवसाला ६०० ग्रॅम आणि शेवटच्या टप्प्यात ८०० ग्रॅम असं वाटून घ्या.

आता गाठ वजनाशी नाही, आकाराशी आहे. चिवडा, चुरमुरे, लाह्या, चकली म्हणजे डबाभर हवा. शेंगदाण्याची चिक्की, तिळाचे लाडू, गूळपापडी, खजुराच्या वड्या मात्र जागेला मोल देतात. नूडल्स असतील तर पाकिटातच चुरून घ्या, टाचणीने भोक पाडून हवा काढा, भोकावर चिकटपट्टी. दुकानातले खोके, वरची वेष्टनं घरीच टाका.

रात्रीच्या जेवणाचा कळीचा मुद्दा: १०,०००-११,००० फुटांवर पाणी ८९-९० अंशांनाच उकळतं. कच्ची तूरडाळ, कच्चे तांदूळ तिथे गॅस संपला तरी शिजणार नाहीत. घरून शिजवून वाळवूनच न्यायचं. डाळ-भात कुकरला नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त देऊन मऊ करा, तेलाचा थेंब न घालता. फोडणीचं तेल वाळवणात खवट होतं. मीठ, हळद, गोडा मसाला चालेल. डिहायड्रेटरच्या जाळीवर कागद घालून अर्ध्या सेंटीमीटरचा थर, ५७ ते ६३ अंश, आठ ते दहा तास, मध्ये एकदा उलटवा. कडकडीत तुटलं पाहिजे. वाकलं तर आत ओल आहे आणि दहा दिवसांत बुरशी. तूप वेगळ्या घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत, ताटात घालायचं.

फुलवताना वाळवणाच्या दीडपट पाणी, उकळी आली की गॅस बंद, भांडं जाड कापडात किंवा बबल रॅपच्या पिशवीत गुंडाळून २० मिनिटं. घाई केली तर डाळीचे खडे दाताखाली येतात आणि रात्री पोट दुखतं. मूगडाळ, मसूर, मटकी (शिजवून) छान फुलतात. अख्खे छोले आणि राजमा घरी मऊ केले तरी मध्यभागी कडकच राहतात, डब्यातले घेऊन वाळवले तर थोडे बरे. पनीर रबर होतं. बटाट्याऐवजी तयार मॅशचे फ्लेक्स घ्या. मेतकूट मात्र अवश्य न्या, ५० ग्रॅमची पुडी चार भाताच्या रात्री सांभाळते.

फ्रेमाँटकर

सगळं पटलं, पण नवख्यांनी 'साडेअकरा लिटरमध्ये आठ-नऊ दिवस बसतात' अशी इतरत्र आलेली वाक्यं वाचून जाऊ नये. शिधा_शिल्लक यांच्या आकड्यानेच बघा: ७३५ ग्रॅम खाणं अगदी ठोकून भरलं तरी दिवसाला दीड लिटर जागा घेतं. साडेदहा लिटर भागिले दीड, सात. पहिल्या दिवसाचं खाणं रात्रीआधी पोटात गेलेलं असतं, म्हणून ते बाहेर ठेवता येतं. म्हणजे फार तर आठ. तेही पहिल्या रात्री झाकण गुडघ्याने दाबून.

यावरून वाटेत डबा पुन्हा कुठे भरायचा ते ठरतं. रेड्स मेडो साधारण ९५ किमीवर. म्यूर ट्रेल रँच निम्म्यावर, १७५ किमीच्या आसपास. अडचण त्यापुढे आहे. रँचपासून व्हिटनी पोर्टलपर्यंत वाटेवर काहीही नाही, आणि ते अंतर १८० किमी, १० दिवस. दहा दिवसांचं खाणं एका डब्यात बसत नाही, हे कितीही चुरून बघा. दोनच मार्ग: रोज २२-२४ किमी चालून आठ दिवसांत संपवणं, किंवा मधेच कियरसार्ज खिंडीवरून ऑनियन व्हॅलीला बाहेर पडणं. हा फाटा एका बाजूने सुमारे १२ किमी आहे. पुढे इंडिपेन्डन्स गावात जायला सार्वजनिक वाहन नाही, तिथल्या काही लॉजवाले मुक्कामाच्या बदल्यात ने-आण करतात, ते आधीच ठरवा. एक रात्र गावात, अंघोळ, कपडे, पोटभर जेवण आणि परत. पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच मार्ग धरावा असं माझं मत. वाट दोन दिवसांनी वाढते, पण फॉरेस्टर आणि व्हिटनी भरल्या पोटी होतात.

रँचला शिधा पाठवायचा तर पाच गॅलनची, म्हणजे १९ लिटरची, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बादली लागते, वजन २५ पौंडांच्या आत. किमान तीन आठवडे आधी पोस्टात पडली पाहिजे, कारण पुढचा प्रवास बोट आणि खेचरांवरून आहे. खोका चालत नाही, उंदीर कुरतडतात. बादलीत गॅस घालू नका, तिथे विकत मिळतो. तिथे लोकांनी सोडलेल्या जास्तीच्या खाण्याची पिंपंही असतात, पण त्यांच्या भरवशावर बादली अर्धी पाठवू नका. ओट्स आणि टॉर्टियांचे ढीग असतात, सुकामेवा कधीच शिल्लक नसतो.

टकमक_टोक

बाप रे, बादली! 😄 ती पुण्याहून पाठवता येणार नाही हे उघड. आणि स्टोव्ह न नेता नुसतं पाण्यात भिजवून खाणारे लोक असतात म्हणे, ते आपल्या खाण्याला जमेल का?

शिधा_शिल्लक

बादली अमेरिकेत उतरल्यावर दुकानातून घ्या, शिधाही तिथल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानातून. भारतातून खाद्यपदार्थ नेताना सीमाशुल्काच्या फॉर्मवर सगळं लिहावंच लागतं, तुपा-दुधाच्या पदार्थांवरून अडवू शकतात. मसाले, मेतकूट, कोरड्या चटण्या तेवढ्या घरून. चालायला निघण्याआधी तीन आठवडे तिथे राहणार नसाल तर बादली तिथल्या नातेवाइकांकडून पाठवून घ्या.

भिजवण्याचं म्हणाल तर त्यात आपण जगाच्या पुढे आहोत. जाडे पोहे ९० ग्रॅम, गार पाणी १५० मिली, १५ मिनिटं. मीठ, साखर, लिंबाची पावडर, दाण्याचं कूट, वाळलेला कांदा आणि घरी तळून नेलेल्या मिरचीचा चुरा. सातूचं पीठ दूध पावडर आणि गुळाबरोबर, दोन मिनिटं. उपमा नाही जमत, रवा गार पाण्यात कच्चाच लागतो. वाळवलेली मऊ डाळ गार पाण्यात दीड ते दोन तासांत भिजते: दुपारच्या थांब्यावर रुंद तोंडाच्या बरणीत घालून सॅकमध्ये टाका, मुक्कामी पोचेपर्यंत तयार.

तरी तीन आठवड्यांसाठी मी स्टोव्ह न्या म्हणेन. गारांच्या पावसानंतर गरम काही पोटात जाणं ही चैन नाही. दिवसाला एक लिटर पाणी उकळायचं तर १५ ते १८ ग्रॅम गॅस, म्हणजे २३० ग्रॅमची टाकी साधारण १३ दिवस. वाऱ्यात हेच दुप्पट लागतं, दगडाच्या आडोशाला बसा. पत्र्याचा आडोसा टाकीभोवती पूर्ण गुंडाळू नका, टाकी तापते. पहाटे गॅस मंद झाला तर टाकी पाच मिनिटं जाकिटात धरा. लाकडं पेटवण्याच्या भानगडीत पडू नका: योसेमिटीत ९,६०० फुटांच्या वर आणि किंग्ज कॅन्यनमध्ये १०,००० फुटांच्या वर शेकोटीला बंदी आहे, आणि मुक्काम बहुधा त्याच उंचीवर असतात. वणव्याच्या दिवसांत खालीही बंदी येते; तेव्हा चावीने बंद होणारा गॅसचा स्टोव्ह चालतो, स्पिरिटचा नाही.

सॅकवाली

आता ज्यावर कुणी लिहीत नाही ते.

संडास: पाणी, वाट आणि मुक्काम यांपासून २०० फूट, म्हणजे मोठी ७०-८० पावलं. खड्डा १५ ते २० सेंटीमीटर खोल. सिएराची माती भुसभुशीत दिसते पण वीतभर खाली कातळ किंवा मुळं लागतात, तेव्हा जागा घाई होण्याआधी शोधा आणि खुरपं धातूचं घ्या, प्लास्टिकचं वाकतं. कागद पुरायचा नाही, पिशवीत घालून बरोबर न्यायचा. आपल्याला इथे फायदा आहे: बाटलीला बसणारं चिमुकलं बिडेचं झाकण २० ग्रॅमचं असतं, अर्ध्या लिटरमध्ये काम होतं आणि कागदाचा प्रश्नच मिटतो. ती बाटली वेगळी, रंगीत खूण केलेली. नंतर साबण आणि पाण्याने हात धुवायचे, तेही खड्ड्याजवळ. नुसतं सॅनिटायझर काही जंतूंवर चालत नाही, आणि वाटेवरच्या जुलाबांपैकी बरेचसे गाळणीमुळे नव्हे तर हातांमुळे होतात. दुसऱ्याच्या पाकिटात हात घालून दाणे घ्यायचे नाहीत, त्याने आपल्या ओंजळीत ओतायचे. व्हिटनीच्या हद्दीत खड्डाही चालत नाही. परमिटबरोबर मिळणाऱ्या पिशवीत घेऊन खाली आणायचं.

पाळी: उंची, श्रम आणि जेटलॅगने तारखा पुढेमागे होतात, म्हणून हिशेबात नसली तरी सामान न्या. कप असेल तर उकळलेलं किंवा गाळलेलं पाणी, आणि रिकामा करायचा तो वरच्यासारख्याच खड्ड्यात. पॅड वापरणार असाल तर वापरलेले पॅड दुहेरी पिशवीत आणि रात्री अस्वलडब्यात. वास येणाऱ्या वस्तूंत तेही आले. डब्यात दोन मुठींची जागा त्यासाठी राखून ठेवा.

अंघोळ: दुपारच्या उन्हात तळ्यात डुबकी छान, पण सनस्क्रीन आणि डासांचं औषध अंगावर असताना नको. आधी २०० फूट लांब दोन लिटर पाण्याने अंग धुवा. 'नैसर्गिक' लिहिलेला साबणसुद्धा पाण्यात चालत नाही. मोजे आणि अंतर्वस्त्रं मोठ्या झिप पिशवीत पाणी घालून खळबळायची, ते पाणी लांब मातीत ओतायचं, आणि सॅकला पिना लावून वाळवायची. जांघा आणि काखा सोलवटू नयेत म्हणून चालायच्या आधी पेट्रोलियम जेली लावायची. आग व्हायला लागल्यावर लावून उपयोग अर्धाच.

घसारा

+१ सॅकवाली. हातांबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत.

डास आणि पाय माझ्याकडून. जुलैत ८,००० ते १०,५०० फुटांमधली कुरणं डासांची, सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर सर्वांत वाईट. कपड्यांवर ०.५ टक्के परमेथ्रिन (कीटकनाशक) निघण्याआधी दोन दिवस मोकळ्या हवेत फवारून पूर्ण वाळवा, सहा आठवडे किंवा सहा धुण्यांपर्यंत टिकतं. घरात मांजर असेल तर ओलं असताना दूर ठेवा, त्यांना विषारी आहे. उघड्या कातडीवर २० टक्के पिकारिडिन. डीट चालतं पण घड्याळाचा पट्टा, चष्म्याची काडी, ट्रेकिंग पोलची मूठ चिकट करून टाकतं. डोक्यावरची जाळी २५ ग्रॅमची, पण टोपीला कडा हवी, नाही तर जाळी गालाला टेकते आणि डास तिथूनच चावतात. तंग लेगिंग्जमधून चावतात, सैल पँट घ्या.

पाय: कोरड्या, ग्रॅनाइटच्या बारीक रेतीमुळे फोड येतात, ओलाव्याने येतात त्याहून जास्त. घोट्याला कापडी गेटर आणि दर मोठ्या थांब्यावर मोजे काढून झटकणं, एवढ्याने निम्मे टळतात. कातडी लाल आणि गरम वाटली की त्याच मिनिटाला थांबून चिकटपट्टी, पुढच्या वळणावर नाही. पट्टीचे कोपरे गोल कापा म्हणजे मोज्यात सुटत नाही. बुटाचा नंबर नेहमीपेक्षा अर्धा ते एक मोठा, पाय तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून फुगतात.

फ्रेमाँटकर

बुटांवरून जुना वाद आहेच, पण उन्हाळ्यात जाळीचे ट्रेल रनर पुरतात. ओढ्यात भिजले तर दोन तासांत वाळतात. जलरोधक चामडी बूट आतून भिजले की दोन दिवस ओले.

घसारा

कमी बर्फाच्या वर्षी मान्य. ज्या वर्षी हिवाळा जड गेला, उदाहरणार्थ २०२३, त्या वर्षी जुलैच्या शेवटपर्यंत खिंडींच्या उत्तर बाजूंना बर्फ होता. तेव्हा मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे लोखंडी दात) आणि जरा कडक तळ हवा. अशा बर्फावर सकाळी फार लवकर गेलात तर काचेसारखा कडक, दुपारी गेलात तर मांडीपर्यंत रुततो. आठ ते दहा ही वेळ. दगडाच्या कडेला पाय टाकू नका, तिथला बर्फ खालून वितळून पोकळ असतो.

अशा वर्षी खरी भीती ओढ्यांची आहे. बर्फ दिवसा वितळतो आणि पाणी संध्याकाळी वर चढतं, म्हणून बेअर क्रीक, इव्होल्यूशन क्रीकसारखे ओढे सकाळी ओलांडायचे. संध्याकाळी पोचलात तर अलीकडे मुक्काम करा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवा, बूट घालूनच उतरा, तोंड प्रवाहाकडे, दोन्ही पोल पुढे रोवून एका वेळी एकच टेकू हलवा. गुडघ्यावर पाणी आणि वेग जास्त असेल तर रुंद, उथळ जागा शोधायला अर्धा तास वर-खाली फिरणं स्वस्त पडतं. इव्होल्यूशन क्रीकला वरच्या कुरणातली रुंद जागा त्यासाठीच ओळखीची आहे: पाणी मांडीपर्यंत, पण संथ. ओलांडण्याआधी पलीकडे नव्हे, खाली बघा. पाय सुटला तर पुढे झाडांचे ओंडके किंवा धबधबा आहे का? असेल तर ती जागा बाद. वुड्स क्रीकवर झुलता पूल आहे, त्यावर एका वेळी एकानेच जायचं.

टकमक_टोक

सगळ्यांचे आभार. शेवटचा प्रश्न. व्हिटनीचा दिवस आणि तिथून बाहेर पडणं कसं आखतात? आणि उंचीचं औषध घ्यावं का?

कातळकडा

औषधाबद्दल डॉक्टरांनाच विचारा, ॲसिटाझोलामाइड सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना चालेलच असं नाही. उत्तरेकडून गेलात तर व्हिटनीपर्यंत दोन आठवडे ८,००० फुटांच्या वरच झोपलेले असता, त्यामुळे त्रास बहुधा पहिल्या तीन-चार रात्रीत, डोनोह्यू खिंडीच्या (११,०५६ फूट) आसपास होतो. डोकं दुखतंय आणि जेवण नकोसं झालंय, तर त्या रात्री वर चढायचं नाही. तोल जायला लागला, दम बसूनही जाईना, तर तेव्हाच्या तेव्हा हजार-दोन हजार फूट उतरायचं, रात्र असली तरी.

फ्रेमाँटकर

व्हिटनीचा दिवस: गिटार लेकला (सुमारे ११,५०० फूट) मुक्काम, पहाटे तीन-चारला हेडलॅम्पवर निघायचं. माथ्याचा फाटा येतो तिथे सॅक ठेवून फक्त पाणी, गरम जाकीट आणि खाऊ घेऊन वर जातात. मात्र सॅकचे सगळे कप्पे उघडे सोडा आणि उरलेलं खाणं डब्यात बंद करून बाहेर ठेवा, नाही तर मार्मट (खारीच्या कुळातले जाडजूड प्राणी) कापड कुरतडून आत शिरतात. घामाच्या मिठासाठी खांद्याचे पट्टे आणि पोलच्या मुठीही खातात, पोल उभे करून ठेवा. माथ्यावरून दहाच्या आत खाली निघा.

उतार ६,००० फुटांहून जास्त आहे. ९९ वळणांचा भाग गुडघे मोडतो, तिथे पावलं लहान आणि पोल लांब करा. पोर्टलला दुकानात जेवण मिळतं, तिथून लोन पाइन २१ किमी. त्या रस्त्यावर बस नाही, उतरणाऱ्या गाड्यांना हात दाखवून जातात आणि दुपारी चारच्या आत बहुधा मिळते. लोन पाइनहून ईस्टर्न सिएरा ट्रान्झिटच्या बस उत्तरेला मॅमथ-रेनोकडे आणि दक्षिणेला लँकेस्टरकडे जातात. शनिवार-रविवारी त्या असतीलच असं धरू नका, म्हणून व्हिटनीचा दिवस बुधवार-गुरुवारी पडेल अशी सुरुवातीची तारीख मागा. सोडतीच्या फॉर्मवर तारीख भरतानाच हे मोजून घ्या. सुरुवातीला योसेमिटीत यायला मर्सेडहून यार्ट्सची बस आहे, ती थेट खोऱ्यात सोडते.

शिधा_शिल्लक

आणि भाड्याचा डबा परत करायचा पत्ता आधी विचारून ठेवा. योसेमिटीत घेतलेला डबा लोन पाइनमध्ये घेतीलच असं नाही. पोस्टाने परत पाठवायचा तर त्यात राहिलेली मिरचीची पूड पुसून पाठवा. 😄